हात पुढं कर

सोनबा पाटकऱ्याने तात्यांच्या नातीला, सुकन्याला, कालव्यावरून उचलून घरी आणलं, त्याला मंगळवारी तीन दिवस झाले. या तीन दिवसांत बिरदेव तात्यांनी वहीत एक अक्षर लिहिलं नव्हतं. तारीख घालायची, पेन हातात धरून बसायचं आणि शेवटी टोपण लावून टाकायचं. लिहिण्यासारखं जे होतं, ते सोनबा ओसरीखाली उभा राहून बोलून गेला होता.

"गुरुजी, पोरगी कालव्याच्या दारांवरच्या कठड्यावरनं चालत हुती. पाणी फुल्ल सुटलंया. हाक मारली तर माझ्याकडं बघून हसली. ती भ्याली न्हाय. मीच भ्यालो."

बोलताना सोनबाने दोन्ही तळवे काखेत दाबून धरले होते. पस्तिशीचा गडी, कालव्याची दारं तोच सोडायचा; पाण्यावरून भांडणाऱ्या बागाइतदारांना तो दाद द्यायचा नाही. पण तात्यांसमोर आला की त्याचे हात आपोआप काखेत जायचे. एकतीस वर्षांच्या नोकरीत तात्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांची ती खूणच होती. बाजारात भेटोत, लग्नात भेटोत, आधी हात काखेत आणि मग रामराम. लोक त्यावर हसत. तात्याही पूर्वी हसत.

निरोप मिळाल्यावर तात्यांचा मुलगा मल्हार आणि सून विजयमाला मंगळवारी सकाळच्या एस.टी.ने बारामतीहून निघाले आणि फाट्यावर उतरून चालत वरकुट्यात आले. तेव्हा तात्या सुकन्याला घेऊन ओसरीवर बसले होते. तिला तीन दिवस त्यांनी नजरेआड होऊ दिलं नव्हतं. ती आंघोळीला गेली तरी ते न्हाणीबाहेर उभे राहत आणि उभं राहिलेलं कुणाला दिसू नये म्हणून उगाच रांजणात डोकावत.

"हात पुढं कर," तात्या म्हणाले.

सुकन्याने डोळे गच्च मिटले आणि हसत हसत उजवा हात लांब केला. हा त्यांचा खेळ होता आणि तीच त्यांची शाळा होती. तात्या तळहातावर काहीतरी ठेवणार, तिनं न बघता ओळखायचं. बाभळीची शेंग, लोकरीचा पुंजका, खडूचा तुकडा, कधी गुळाचा खडा. याच खेळातून ती वस्तू शिकली, मोजायला शिकली आणि सरड्याची शेपटीसुद्धा न दचकता ओळखायला शिकली.

"चिंचोकं," ती म्हणाली. "पाच हायत. एक फुटकाय."

"शाब्बास."

कवाडापाशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तात्यांनी वर पाहिलं. मल्हार अंगणात उभा होता, त्याच्या हातातली पिशवी खाली पडली होती आणि त्याचे दोन्ही हात छातीपर्यंत वर आले होते. क्षणभरच. मग तो वाकला आणि त्यानं पिशवी उचलली. चौतीस वर्षांचा माणूस, बारामतीच्या कारखान्यात लोखंड कापायच्या मशीनवर काम करणारा. आपल्याला कुणी पाहिलं नसावं, असं त्याला वाटलं असावं. तात्यांनी पाहिलं होतं आणि नेहमीप्रमाणे न पाहिल्यासारखं केलं.

"आई!" सुकन्या विजयमालाच्या कमरेला बिलगली. "आई, मी कालव्यावर चालले! पार ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तूर!"

विजयमालाने तिला इतकं घट्ट धरलं की पोर कळवळली.

*

जेवणं कुणालाच गेली नाहीत. तात्यांची थोरली बहीण नकोशी मेंढरं शेजारच्याच्या नजरेखाली ठेवून आली आणि उंबऱ्याशी पाय पसरून बसली. सुकन्याला ताट घेऊन परड्यात कोंबड्यांकडे पाठवलं. तात्यांची बायको तानूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. या घरात काहीही ठरायचं झालं की ती तिथंच उभी राहायची, आत नाही आणि बाहेरही नाही.

"मामंजी," विजयमाला म्हणाली, "मी आत्ता तुमची वही वाचली."

तात्यांनी फडताळाकडं पाहिलं. वही फडताळात असायची, पंचांगाखाली. दोनशे पानी, वर खाकी कागदाचं कव्हर.

सुकन्या दीड वर्षाची असताना विजयमालाने तिला इथं आणून सोडलं होतं. बारामतीच्या दवाखान्यात तिची नर्सची नोकरी, दिवसपाळी-रातपाळी, मल्हारचंही तेच. तात्या तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांचा एक जुना विद्यार्थी माइकवर म्हणाला होता, "गुरुजींच्या निरगुडीच्या फोकानं आमी माणसांत आलो," आणि मांडवातल्या साठ-सत्तर बाप्यांनी थट्टेनं एकदमच हात काखेत घातले होते. मांडव हसून हसून लोळला. गळ्यातल्या हाराखाली तात्याही हसले. घरी आल्यावर तो हार त्यांनी परड्यात टाकून दिला. मग त्यांनी तालुक्याच्या वाचनालयातून मुलांच्या मनाविषयीची पुस्तकं आणायला सुरुवात केली. वाचलं ते सगळं पटलं, आणि पटलेलं सगळं एकतीस वर्षं उशिरा आलं होतं.

म्हणून नात आली तेव्हा त्यांनी अट घातली. या पोरीला या घरात कुणी भीती दाखवायची नाही. बागुलबुवा नाही, पोलीस नाही, झोळीत घालून नेणारा गोसावी नाही. अंधारात काही असतं असं सांगायचं नाही. हात तर उगारायचाच नाही.

"वाचू?" विजयमालाने पान काढलं होतं. तिचा आवाज दवाखान्यातल्यासारखा सपाट होता. "'वय चार वर्षे दोन महिने. न्हाणीपाशी विंचू. सुकन्याने वाकून पाहिले व बोट पुढे नेले. घरातून ओरडण्याचा प्रयत्न झाला, तो थांबवला. विंचू आपोआप दगडाखाली गेला. मुलीच्या चेहऱ्यावर केवळ कुतूहल. भीती ही शिकवली जाते, या मताला पुष्टी.'"

परड्यात कोंबडी कलकलली आणि सुकन्या खिदळली.

"ओरडण्याचा प्रयत्न झाला म्हंजी कुणाचा?" मल्हारने विचारलं.

"माझा," दारातून तानूबाई म्हणाली. "ह्यांनी माझं तोंड दाबलं हुतं."

तात्यांना सांगायचं होतं की माझ्या दुसऱ्या हातात चप्पल होती. विंचवाने नांगी उचलली असती तर मी चप्पल घातलीच असती. पण ते वहीत लिहिलेलं नव्हतं. आणि गेले तीन दिवस त्यांना नीट आठवेना की चप्पल खरंच हातात होती, की पुढं कधीतरी, झोप लागत नाही तेव्हा, ती आपणच आपल्या हातात दिली.

"दोन वर्सं झाली," तानूबाई पुढं म्हणाली, "आजून सपनात ती नांगी दिसती मला. कुणाला सांगायचं? घरात भ्यायाचं न्हाय असा कायदा."

"तू मला बोलली नाहीस," तात्या म्हणाले.

"तोंड मोकळं कदी सोडलं तुमी?"

नकोशी हसली. तिला दात फार उरले नव्हते. "बरं झालं बाई, बोललीस एकदाची. ह्या मास्तरापुढं बोलायचं म्हंजी आदी बोट वर करावं लागतं." मग तिचं हसू गेलं. "बिरू, तुला ते पांढरं कोकरू ठावं हाय न्हवं? आय मेलेलं. चुलीपाशी निजवून बाटलीनं वाढवलं मी. घरातलं कुत्रं त्याला चाटायचं. त्याला वाटलं, जगातली समदी कुत्री चाटत्यात. मोकळ्यावर ग्येलं आन मोकाट कुत्र्याफुडं जाऊन हुबं ऱ्हायलं. पळालंसुदिक न्हाय. माझं चुकलं ते. कोकराचं न्हाय."

"आक्का, माणसाचं मूल आणि कोकरू—"

"कोकराला निदान चार पाय असत्यात पळायला."

मल्हार उठून उभा राहिला. "मी न्हेतो तिला. जूनमदी पयलीत घालायचीच हाय. तितल्या शाळंत शिस्त हाय, सगळं जागच्या जागी."

"शिस्त म्हणजे काय?" तात्यांनी विचारलं. "फोक?"

मल्हार त्यांच्याकडं बघत राहिला. "तात्या, हे तुमी मला इचारताय?"

तात्यांनी मान खाली घातली. पोर गेली तर या घरात आपण काय करायचं, हा प्रश्न त्यांना तीन दिवसांत पुन्हा पुन्हा पडला होता आणि प्रत्येक वेळी त्यांना त्याची लाज वाटली होती. त्याहून मोठी भीती वेगळी होती. ती शाळेत जाईल, पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणेल, हात पुढं कर. आणि ती डोळे मिटून, हसत, हात पुढं करील.

ही गोष्ट घरात कुणाच्याच ध्यानात आलेली नव्हती. ती सांगायची तर त्यांना मल्हारसमोर सांगावी लागली असती.

"अवो," विजयमाला हळूच म्हणाली. वही तिने मिटली होती. "पण तितं न्हेऊन तरी काय? आपण दोघं पाळीवर. घरासमोर रस्ता, दिवसभर उसाचे ट्रॅक्टर, ट्रका. हितं निदान सगळी वळखतात तिला. तितं ती ट्रकाकडं बघून हसली, तर सोनबा हाय का तितं?"

दोघं सकाळी एका मताने निघालेली, ते मत आता त्यांच्यामध्ये कुठंतरी सांडलं होतं.

"म्हंजी हितं ऱ्हावो न्हायतर तितं," नकोशी म्हणाली, "भ्या घालावंच लागणार. मग ज्यानं काढलं त्यानंच घालावं की. काय गं तानू?"

तानूबाईने मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा दोघी नणंद-भावजया एका बाजूला होत्या, आणि ती बाजू तात्यांची नव्हती.

"साडेपाचची एस.टी. हाय," मल्हार म्हणाला. "तवर तिला कालव्याची भीती घाला. घातली तर ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी, मी आडवणार न्हाय. न्हाय जमलं तर न्हेतो, फुडचं फुडं. आन न जमायला काय झालं?" त्याने पिशवी खुंटीला अडकवली. "तुमच्याइतकं कुणाला जमतं ते?"

*

शिकवायला जाण्याआधी पाठाचं टाचण काढायचं, ही एकतीस वर्षांची सवय. उन्हं कलेपर्यंत तात्यांनी मनातल्या मनात टाचण काढलं. उद्दिष्ट: वाहत्या पाण्याची ताकद समजणे. साहित्य: कडब्याची पेंढी. कृती: दाखवणे, विचारणे, तिचं तिला उमजू देणे. समजून आलेली भीती ही भीती नव्हेच, ती समज, असं एका पुस्तकात होतं. वाचलं तेव्हा त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती.

सुकन्या पुढं आणि तात्या पेंढी घेऊन मागं, असे ते निघाले. ती नेहमीच पुढं असायची. बांधावर एक घोणस कात टाकून गेली होती. ती कात तिने उचलून गळ्यात घातली. तात्यांनी बांधाच्या दोन्ही अंगांना नजर फिरवली, घोणस कुठं दिसते का ते पाहायला.

कालवा काठोकाठ भरलेला होता. लांबून तो थांबल्यासारखा दिसायचा. जवळ गेल्यावर कळायचं की सगळं पाणी एका अंगानं निघालंय आणि त्याला कुठंच अडत नाही. दारांपाशी त्याचा आवाज बदलत होता. दोन लोखंडी दारं अर्धवट उचललेली, त्यांच्या खालून पाणी आत खेचलं जात होतं आणि पलीकडे पांढरं होऊन फुटत होतं. वर सिमेंटचा कठडा, दीड वीत रुंद.

तात्यांनी पेंढी टाकली. ती जरा वेळ संथ गेली, मग दारापाशी उभी राहिली, माणसासारखी ताठ, आणि एकदम खाली गेली. पलीकडे नुसत्या काड्या वर आल्या.

"पाहिलंस? पेंढीचं काय झालं?"

"फुटली." सुकन्याचे डोळे चमकत होते. "तात्या, आजून एक टाका!"

"का फुटली?"

"पाण्यानं वडली म्हणून."

"बरोबर. मग पेंढीच्या जागी तू असतीस तर?"

तिने विचार केला. ती नेहमी खरोखर विचार करायची. वहीत त्यांनी ते तीन ठिकाणी लिहिलं होतं. "मी पेंढी न्हाय," ती म्हणाली. "मला हात हायती. मी धरीन."

"नकोशी आत्याच्या काळ्या मेंढीलाही धरता आलं नाही. गेल्या साली इथंच पडली ती."

"मग कुठं ग्येली?"

"मेली."

"व्हय, पण मेली आन मग कुठं ग्येली?"

मृत्यूची कल्पना तात्यांनी पुढच्या वर्षासाठी ठेवली होती. तसं वहीच्या शेवटच्या पानावर, पुढील कार्य या मथळ्याखाली, लिहूनही ठेवलं होतं. त्यांना वाटलं, आपण या पोरीला जग दाखवताना त्यातलं फक्त बरं बरं तेवढं निवडून तळहातावर ठेवलं.

"पल्याड ग्येली आसंल, मी बघते," असं म्हणत ती कठड्यावर चढलीसुद्धा.

सहा वर्षांची पोर. परकर एका हाताने वर धरलेला, गळ्यात सापाची कात. एक पाऊल, दुसरं पाऊल. तात्यांना ओरडता येईना. ओरडलं तर ती वळून बघणार. धावलं तरी तेच. ती मधोमध पोचली आणि तिनं पलीकडं डोकावून पाहायला एक पाय हवेत उचलला.

"तात्या, काड्या नाचत्यात बगा!"

"सुकन्या." आपला आवाज त्यांना ओळखू आला नाही. "खाली ये, बाळा."

"थांबा की."

पाय अजून हवेतच होता. खालून आलेल्या वाऱ्याने परकर फुगला. तात्यांच्या डोक्यात टाचण नव्हतं, पुस्तक नव्हतं, काहीच नव्हतं. तोंडातून जे निघालं ते निघालं.

"हात पुढं कर!"

ती तिथल्या तिथं खाली बसली. कठड्यावर, पाण्यावर, डोळे गच्च मिटून तिनं हात पुढं केला आणि हसली.

ते तिच्यापर्यंत कसे पोचले, हे त्यांना पुढंही कधी आठवलं नाही. सिमेंटवर दोन्ही गुडघे सोलले होते, म्हणजे रांगत गेले असावेत. तिचं मनगट हाताला लागलं. त्यांनी ओढलं, आणि दोघं काठावरच्या गवतात येऊन पडली. कात तुटून पाण्यात गेली.

पोर उठून तात्यांच्यापुढं उभी राहिली. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. हात अजून पुढं होता. खेळ संपला नव्हता. तात्यांनी हातावर अजून काही ठेवलेलं नव्हतं.

"काय हाय?" ती म्हणाली. "लवकर द्या की."

कालव्याच्या काठाला निरगुडी माजली होती. तात्यांचा हात मागं गेला आणि त्याने न बघता फोक मोडला, बोटांनीच पानं ओरबाडून काढली. एकतीस वर्षांत किती वेळा केलं असेल, हात काही विसरला नव्हता.

एक. दोन. तीन.

ती ओरडली नाही. तिने डोळे उघडले आणि आधी तळहातात पाहिलं, काय ठेवलंय ते. तिथं तीन लाल रेघा उठत होत्या. तिने त्या नीट पाहिल्या. मग वर तात्यांकडं पाहिलं.

तात्यांनी हा चेहरा ओळखला. तो त्यांनी हजारभर पोरांच्या तोंडावर पाहिला होता. फक्त तो येताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. शाळेत येणारी पोरं तो घरूनच घेऊन यायची.

"कालव्यावर परत जायचं नाही," ते म्हणाले.

"व्हय," सुकन्या म्हणाली. आणि थोडं थांबून, कुणी शिकवलेलं नसताना, "व्हय, गुरुजी."

*

परत येताना ती मागं चालली. तात्या थांबले की तीही थांबायची. ते वळून पाहायला लागले की ती जमिनीकडं बघायची. पाटाचं पाणी ओलांडायच्या जागी ते तिला हात द्यायला वळले, तर ती लांबून वळसा घालून आली.

ओसरीवर सगळी वाट पाहत बसली होती. नकोशीने पोरीला लांबूनच न्याहाळलं आणि हाक मारली, "चल गं सुकन्ये, मेंढरं पाण्यावर न्हिऊ. कालव्यावर."

"न्हाय."

"का गं? रोज तर मागं लागायचीस."

"न्हाय म्हनलं न्हवं."

तानूबाईने देवाकडं पाहून हात जोडले. विजयमालाचे डोळे भरून आले, ती हसायलाही लागली. तात्यांच्या रक्ताळलेल्या गुडघ्यांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. धोतर खाली ओढलेलं होतं.

"बगा," नकोशी म्हणाली. "एका दुपारचं काम. मास्तर म्हातारा झाला तरी मास्तरच."

"मामंजी, ऱ्हाऊ दे तिला हितंच," विजयमाला म्हणाली. "माझं काय म्हणणं न्हाय आता. मी मघाशी वही वाचून बोलले, त्याचं मनावर घेऊ नका."

जिंकल्यावर इतकी भीती वाटते हे तात्यांना ठाऊक नव्हतं. कुणीतरी आता काहीतरी विचारील, या धास्तीने ते खांबाला धरून उभे होते. सुकन्या तुळशीकट्ट्यापाशी उभी होती, ना आजीकडं, ना आईकडं.

मल्हारही हसला. आल्यापासून पहिल्यांदा. त्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं होतं. त्याने खिशातून श्रीखंडाच्या गोळ्यांचा पुडा काढला. सकाळी स्टँडवर घेतलेला, भांडणात तसाच राहिलेला. तो अंगणात उतरला, तिच्यासमोर उकिडवा बसला, आणि सकाळी कवाडातून पाहिलेला खेळ आठवून लाडात म्हणाला,

"हात पुढं कर."

सुकन्याचे दोन्ही हात काखेत गेले.

घट्ट. खांदे वर, मान आत. डोळे उघडे, बापाच्या हातांवर.

मल्हार तसाच बसून राहिला. गोळ्यांचा पुडा त्याच्या बोटांतून निसटला आणि पिवळ्या-केशरी गोळ्या मातीत घरंगळल्या. कोंबड्या धावल्या. तिने एकाही गोळीकडं पाहिलं नाही.

"किती?" मल्हारने विचारलं. तो तिच्याकडंच बघत होता, पण प्रश्न तिला नव्हता.

"तीन," तात्या म्हणाले.

"मला पाच असायचं." तो हळू बोलला, जणू हिशेब जुळतोय की नाही ते बघत होता. "बाकीच्यांना तीन. मास्तरचा पोरगा म्हणून दोन जास्ती."

नकोशीने पसरलेले पाय जवळ ओढून घेतले.

"विजा, पोरीची कापडं भर," मल्हार म्हणाला.

"अवो, पण आता तर ती शिकली. तुमीच म्हणाला हुता—"

"मी म्हणालो हुतो." तो उठला. "मीच म्हणालो हुतो. भर."

विजयमाला आत गेली. तानूबाई तिच्यामागं गेली. लोखंडी पेटीचं झाकण वाजलं. साडेपाचला अवकाश होता, पण फाटा लांब होता.

तात्या ओसरीच्या पायरीवरून खाली उतरले. वाकताना गुडघे फाटल्यासारखे दुखले. सुकन्यापासून चार हातांवर, मातीतच, ते मांडी घालून बसले. काही सांगायचं होतं, पण जे सांगायचं त्याची सगळी वाक्यं पुस्तकातली होती. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. डोळे मिटले. आणि उजवा हात लांब करून, तळवा वर करून, पुढं धरला.

मिटल्या डोळ्यांमागं सगळे आवाज मोठे झाले. पेटी, कोंबड्या, नकोशीचा श्वास. बाजूलाच कुठंतरी मल्हारच्या चपला वाजल्या आणि थांबल्या. हात पुढं करून बसलं की वेळ किती लांबतो, हे तात्यांना आज साठी उलटल्यावर कळत होतं. हात मागं घ्यावा, काखेत दाबावा, असं त्यांना आतून कुणीतरी ओरडून सांगत होतं. त्यांनी तो तसाच धरला.

मग मातीवर पावलं वाजली. हलकी, अनवाणी. एक, दोन. जवळ आली.

आणि त्यांच्या हातापाशी येऊन थांबली.